हस्तिनापूरची डिरेक्टरी

माझ्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या डाव्या बाजूला एक फळी आहे. तिच्यावरच्या पुस्तकांचा जगात कुणालाही काडीचा उपयोग नाही. क्लिंगॉन भाषेचा शब्दकोश आहे, १९८५ चा, मार्क ओक्रँड नावाच्या खऱ्याखुऱ्या भाषाशास्त्रज्ञाने केलेला. ती भाषा ज्या ग्रहावर बोलतात तो ग्रहच नाही, पण क्रियापदं कशी चालवायची ते व्यवस्थित दिलंय. 'स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल' आहे, १९७५ चं. त्यातले नकाशे बघून माझ्या सिव्हिलवाल्या मित्राने पहिला प्रश्न विचारला तो ड्रेनेज कुठाय असा. हॅरी पॉटरच्या शाळेतली दोन पुस्तकं आहेत, २००१ साली धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी काढलेली. त्यातल्या प्राण्यांच्या पुस्तकात समासात हॅरी आणि रॉनने केलेला पेनचा गिचमिडाट छापलाय, आणि क्विडिचच्या पुस्तकात लायब्ररीचं कार्ड आहे, कुणी कधी नेलं याच्या नोंदीसकट.

थोडक्यात, जी दुनिया नाहीच तिच्या आत बसून लिहिलेले संदर्भग्रंथ. नियम एकच. लेखकाने डोळा मारायचा नाही. 'ही गंमत आहे बरं का' असं प्रस्तावनेत म्हटलं की पुस्तक बाद.

हा नाद लागला असिमॉव्हमुळे. 'फाउंडेशन'मध्ये प्रकरणांच्या सुरुवातीला 'एन्सायक्लोपीडिया गॅलॅक्टिका'तले उतारे येतात. तळटीपेत आवृत्ती दिलेली, ११६ वी, प्रकाशन स्थळ टर्मिनस, आणि वर 'प्रकाशकाच्या परवानगीने'! कॉलेजात ते वाचलं तेव्हा मी दहा मिनिटं पुढची गोष्ट सोडून त्या तळटीपेकडेच बघत बसलो होतो. पुढे ऑनसाइटला गेल्यावर शनिवारी जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळणं हाच उद्योग झाला. बाकीचे डॉलर वाचवून प्लॉट घेत होते, मी क्लिंगॉन व्याकरण घेत होतो. असो.

या सगळ्यात माझं लाडकं पुस्तक म्हणजे मिलोराद पाविचचा 'खझारांचा शब्दकोश', १९८४. खझार ही जमात खरी होती आणि त्यांच्या राजाने धर्म बदलला हेही खरं. पुढचं सगळं पाविचचं. तीन भाग, ख्रिस्ती, मुस्लिम आणि ज्यू, आणि प्रत्येक भाग छातीठोकपणे सांगतो की राजा आमच्याच धर्मात आला. वर असंही की मूळ कोश १६९१ साली छापला होता, तो नष्ट केला गेला, आणि उरलेल्या एका प्रतीची शाई विषारी होती. पुस्तकाच्या पुरुष आणि स्त्री अशा दोन आवृत्त्या निघाल्या. फरक फक्त एका परिच्छेदाचा. (दोन्ही घेतल्या. बायकोला अजून एकीचीच किंमत माहीत आहे.)

हे पुस्तक खरं का वाटतं यावर मी बराच विचार केलाय. उत्तर असं की पाविचने त्यात भोकं ठेवलीत. प्रत हरवली, पानं गेली, एक साक्षीदार दुसऱ्याशी जुळत नाही. पॉटरच्या पुस्तकांवरचा तो गिचमिडाट आणि ते लायब्ररीचं कार्ड हीही तीच युक्ती. खऱ्या गोष्टी झिजतात, कुरतडल्या जातात, अर्धवट उरतात. कसलेला बनवाबनवी करणारा झीजसुद्धा बनवतो. नवखा मात्र सगळे रकाने भरून टाकतो.

मराठीत असं काही नाही म्हणून मी वर्षानुवर्षं हळहळत होतो. पुलंचा 'मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास' आहे, पण तो आपल्याच जगाची टोपी उडवतो. दुसऱ्या जगात बसून सरळ चेहऱ्याने लिहिलेला कोश मराठीत नाही असं माझं पक्कं मत होतं. २००८ च्या दिवाळीत अंथुर्ण्याला गेलो आणि ते मत मोडीत निघालं.

अंथुर्णे म्हणजे बारामतीहून इंदापूरला जाताना वाटेत लागणारं आमचं गाव. कालव्याचं पाणी, ऊस, आणि आषाढात बेलवाडीचं गोल रिंगण आटोपून तुकोबांची पालखी मुक्कामाला येते ते. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, फडताळात ज्ञानेश्वरी आणि गाथ्याच्या खाली एक जाडजूड पुस्तक कापडात बांधून ठेवलेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं पोथी असेल. पालखीच्या मुक्कामाला ओसरीवर वारकरी उतरायचे, रात्री कीर्तनातल्या आख्यानावरून वाद निघायचा, अमक्याचा बाप कोण आणि तमकी कुणाची लेक, आणि वाद फार तापला की आबा ते बोचकं सोडायचे. त्या दिवाळीत मी ते पहिल्यांदा स्वतः उघडलं. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव, 'भारतवर्षीय प्राचीन चरित्रकोश', पुणे, १९३२. आबांनी अप्पा बळवंत चौकात जुन्यात घेतलेला.

तुम्ही हा कोश पाहिला नसेल तर काय सांगू! अकारविल्हे माणसं. वेदांतली, महाभारतातली, पुराणांतली. ऋषी, राजे, राण्या, राक्षस, सगळे एकाच रांगेत, जसे टेलिफोन डिरेक्टरीत असावेत. एकाच नावाचे पाच जण असले तर १, २, ३ असे आकडे घालून वेगळे केलेले. नावापुढे कुळाची खूण, 'सू. इ.' म्हणजे सूर्यवंश, इक्ष्वाकू शाखा, किंवा 'सो. पूरु.' म्हणजे सोमवंश, पूरु शाखा. मग बाप, आई, बायका, मुलं, काय केलं, कुणाकडून मेला. आणि जवळजवळ प्रत्येक विधानामागे कंसात संदर्भ. महाभारत असेल तर पर्व आणि अध्याय, पुराण असेल तर त्याचं नाव आणि स्थळ. मी पेशाने डेटाबेसवाला. रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. एका नावाच्या दोन माणसांची सरमिसळ होऊ नये म्हणून आम्ही ज्याला प्रायमरी की म्हणतो, ती या शास्त्रीबुवांनी १९३२ साली हाताने घातली होती.

पुराणांना फिक्शन म्हणतोय असं समजून लगेच अंगावर येऊ नका. आबा माझ्या आधी तुमच्या बाजूने उभे राहिले असते. मुद्दा वेगळाच आहे. क्लिंगॉन कोश हातात घेताना मला 'चल, खरं धरून चालू' असं स्वतःला सांगावं लागतं. चित्रावांच्या वाचकाला तशी गरजच नव्हती. हस्तिनापूर आणि अयोध्या त्याच्या मनात आधीच वसलेली होती. त्याला हवा होता फक्त पत्ता.

आणि हे एकटे चित्रावच नव्हेत. त्यांच्या आधी छप्पन्न वर्षं, १८७६ साली, रघुनाथ भास्कर गोडबोल्यांनी 'भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश' काढला होता. नावातला 'ऐतिहासिक' शब्द बघा. तीनच वर्षांनी, १८७९ ला, जॉन डाउसनचा इंग्रजी कोश आला. माणसं बरीचशी तीच, पण त्याच्या शीर्षकात आधी 'हिंदू मायथॉलॉजी' आणि 'हिस्टरी' बरीच मागे. 'तुम्हा लोकांना इतिहास लिहिताच येत नाही' हे साहेबाचं ठरलेलं वाक्य होतं, आणि आपल्याकडच्या एका पिढीने त्याला कोश करून उत्तर दिलं असं मला वाटतं. चित्राव तर थांबलेच नाहीत. १९३७ ला मध्ययुगीन चरित्रकोश, १९४६ ला अर्वाचीन. इक्ष्वाकूपासून विसाव्या शतकापर्यंत एक सलग डिरेक्टरी! मधे कुठे गोष्ट संपून इतिहास सुरू झाला, अशी पाटी नाही.

पण चित्राव भाबडे नव्हते, आणि हे मला दोन दिवस वाचल्यावर कळलं. दोन पुराणं भांडली तर ते दोन्ही नोंदवतात. खझारांच्या कोशासारखंच, फक्त इथे भांडण खरं आहे. ज्याला पटेल त्याने मूळ ग्रंथ उघडून बघावा, इतकी वाट ते करून देतात.

याच वाटेने मी अडचणीत आलो.

त्याचं झालं असं. फडताळात आणखी एक पुस्तिका होती, आमच्या कुळाचा इतिहास. कुणा नातेवाइकांनी ऐंशीच्या दशकात कुलसंमेलनासाठी छापून घेतलेली, पिवळ्या पुठ्ठ्याची. प्रभू रामचंद्रांपासून थेट माझ्या चुलत्यांपर्यंत वंशावळ, एकही पिढी गळालेली नाही. लग्न जमवताना ती पुस्तिका समोरच्या पार्टीला दाखवली जायची. आबा त्या दिवाळीत म्हणाले, "बाळा, एवढं कॉम्प्युटरवर टाकून दे. झाडासारखं दिसलं पायजे."

मी लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसलो. टेबल केलं. नाव, वडील, क्रमांक. आणि नावं तपासायला शेजारी चित्राव.

रामापासून बृहद्बलापर्यंत ठीक चाललं. बृहद्बल म्हणजे भारतीय युद्धात अभिमन्यूच्या हातून पडलेला कोसलचा राजा. त्याच्या पुढच्या राजांची यादी पुराणं भविष्यवाणी म्हणून देतात, आणि तिथे एक मजेदार गोष्ट दिसली. यादीत शाक्य, शुद्धोदन, मग काही पुराणांत सिद्धार्थ, मग राहुल (हे नाव पुराणागणिक बदलतं), मग प्रसेनजित असे राजे ओळीने येतात. म्हणजे गौतम बुद्धाचं अख्खं घर अयोध्येच्या गादीवर बसवलंय! शुद्धोदन कपिलवस्तूचा. राहुल भिक्खू झाला, त्याचा गादीशी काय संबंध? आणि प्रसेनजित हा बुद्धाच्याच काळातला कोसलचा राजा, त्याला इथे नातवाच्याही पलीकडे ढकललाय. आमच्या ऑफिसात ज्युनियर पोरं दोन टेबलं चुकीच्या कॉलमवर जोडतात तेव्हा अगदी असाच आउटपुट येतो. कुणीतरी दोन याद्या शिवल्या आणि शिवण सफाईने लपवली.

पार्गिटर नावाच्या इंग्रज जज्जाने १९२२ साली या सगळ्या राजवंशांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले. अयोध्येची यादी सगळ्यांत लांब आणि सलग म्हणून तीच त्याने मोजपट्टीसारखी वापरली, मनूपासून भारतीय युद्धापर्यंत नव्वदहून जास्त पिढ्या. बाकीच्या वंशांच्या रकान्यांत मात्र जिथे नाव मिळालं नाही तिथे त्याने जागा मोकळी सोडली. त्या मोकळ्या जागांमुळेच मला पार्गिटरबद्दल आदर वाटतो.

तर मी यादीच्या शेवटी आलो. सुमित्र. चित्रावांत बघितलं. सूर्यवंशाचा शेवटचा राजा. संदर्भ गाठले, विष्णुपुराण आणि भागवत. दोन्ही स्पष्ट सांगतात की इक्ष्वाकूंचा वंश सुमित्रापाशी संपणार. पुस्तिकेत मात्र सुमित्राच्या खाली, त्याचा मुलगा म्हणून, आमचा मूळपुरुष.

मला आधी हसू आलं. मग आबांकडे बघितलं आणि हसू गेलं.

"आबा, हे सुमित्रापाशी संपतंय."

"काय संपतंय?"

"सूर्यवंश. पुराणंच म्हणतात, ह्याच्या पुढं वंश नाही."

"कुठलं पुराण?"

सांगितलं. त्यांनी भिंग मागितलं. कोशातली नोंद स्वतः वाचली, मग पुस्तिकेतलं पान, मग पुन्हा कोश. चुलते बाजूलाच होते, ते चिडले. "छापलंय ते काय उगाच छापलंय का? चार बुकं वाचली म्हणजे वाडवडील खोटे?" पुस्तिका छापायला त्यांनीही वर्गणी दिली होती आणि त्यांच्या दोन पोरींची लग्नं तीच दाखवून झाली होती. मी गप्प बसलो. आबा पण काही बोलले नाहीत. चहा टाकायला सांग म्हणाले.

रात्री जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "मग आपलं खरं कुठनं सुरू होतंय?"

या प्रश्नाने पुढची दोन वर्षं माझे वीकेंड खाल्ले. खरं सांगायचं तर आमच्या भागात भल्याभल्यांची नोंद सलग नाही. मालोजीराजे भोसले, शिवछत्रपतींचे आजोबा, आमच्यापासून तासाभराच्या आत असलेल्या इंदापूरला लढाईत पडले. तिथे त्यांची गढी आहे. एवढा मोठा माणूस, आणि मृत्यूचं साल कुणी १६०६ च्या आसपास देतं, कुणी १६२० च्या. मग ऊस आणि बाजरी करणाऱ्या आमच्या माणसांचं काय घेऊन बसलात? आमच्यासारख्यांचा कागद सुरू होतो तो जमीन मोजणीपासून. आणि गंमत म्हणजे, या बाबतीत इंदापूर तालुका अख्ख्या मुंबई इलाख्यात पहिला आहे.

त्या मोजणीची कथा मात्र माझ्या फळीवर शोभावी अशी निघाली. १८२० च्या दशकात आर. के. प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे पुणे भागाची पाहणी आली. हा हेलिबरीच्या कंपनी कॉलेजात शिकलेला, जिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होता. जमिनीच्या खंडाचा रिकार्डोचा सिद्धांत तेव्हा ताजा होता. प्रिंगलने ठरवलं की प्रत्येक शेताचं एकूण उत्पन्न काढायचं, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, उरेल ते निव्वळ उत्पन्न, आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर देखणं! प्रत्येक शेताला आकडा, एकही रकाना मोकळा नाही. पण निव्वळ उत्पन्न नावाची वस्तू इंदापूरच्या रानात कुणी पाहिली होती? एक साल पाऊस, दोन सालं धूळ. शेतकरी भीतीने कमी सांगायचा, हाताखालचे कारकून पैसे खाऊन हवं ते लिहायचे, आणि या सगळ्याची बेरीज, सरासरी, टक्केवारी होऊन सुबक तक्ते तयार झाले. १८३० ला त्यावर सारा बसवला. पुढे भाव पडले, पिकं बुडाली, पण तक्त्यातलं जग तसंच हिरवंगार. खऱ्या जगातले लोक जमिनी टाकून आसपासच्या संस्थानी मुलखात पळाले.

हॅरी पॉटरच्या पुस्तकाने निदान कुणाचं घर मोडलं नाही.

शेवटी गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५-३६ ला इंदापुरापासूनच नव्याने सुरुवात केली. त्यांनी निव्वळ उत्पन्न शोधायचा नाद सोडला. माती किती खोल, कुठल्या रंगाची, दगड किती, एवढंच बघायचं आणि जमिनीची प्रत आण्यांत लिहायची. पुढे या पद्धतीत १६ आण्यांपासून २ आण्यांपर्यंत नऊ प्रती ठरल्या. सारा कमी केला आणि ३० वर्षं वाढवायचा नाही असं ठरवलं. ओसाड रानं पुन्हा लागवडीखाली यायला लागली. आपण आजही सर्व्हे नंबर म्हणतो तो याच पद्धतीतला. साहेबांचा कळवळा वगैरे म्हणत नाही मी, त्यांनाही वसुलीच हवी होती. पण जे मोजता येतं तेवढंच लिहायचं, हे त्यांना प्रिंगलच्या फजितीने शिकवलं.

आम्हाला सापडला तो कागद त्याच्याही नंतरचा, एकोणिसाव्या शतकातलंच एक कडईपत्रक, मोडीतलं. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी लावून दिलं. आमच्या खापरपणजोबांचं नाव, जमीन, आकार. त्यांच्या वडिलांचं नाव जिथे असायला हवं तिथे कागदाला कसर लागलेली. शेवटचं एक अक्षर तेवढं शाबूत. 'जी'. म्हणजे तानाजी, बाळाजी, रामजी, कुणीही.

मी आबांना लॅपटॉपवर झाड दाखवलं. सगळ्यात वर खापरपणजोबा, आणि त्यांच्या वरचा चौकोन मोकळा.

"हितं काय न्हाई?"

"नाही मिळालं, आबा."

ते बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिले. "रामापास्नं जी माणसं छापली तेंच्यातलं एक बी मला आपलं वाटलं न्हाई बघ कधी," ते म्हणाले. "ह्यो 'जी' मात्र वाटतोय."

पुस्तिकेची नवी आवृत्ती २०१२ ला निघाली. आर्ट पेपर, मुखपृष्ठावर उगवता सूर्य, आत फोटो. मी कडईपत्रकाची झेरॉक्स आणि दोन पानांचं टिपण पाठवलं होतं. झेरॉक्स छापली, टिपण नाही. सुमित्राच्या खाली आमचा मूळपुरुष जागच्या जागी. संमेलनात आबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, त्यांनी तो घेतला, आणि मंचावर काही बोलले नाहीत. मला तेव्हा थोडा राग आला होता.

आबा २०१६ ला गेले. फडताळ आवरताना कोश माझ्याकडे द्यायचं ठरलं, तो आता टीव्हीच्या डाव्या बाजूच्या फळीवर, खझारांच्या दोन आवृत्त्यांशेजारी आहे. त्यात नवी पुस्तिका घडी घालून ठेवलेली निघाली. वंशावळीच्या पानावर सुमित्राच्या खाली पट्टी धरून पेन्सिलीने एक आडवी रेघ मारलेली. आणि समासात, त्यांच्या थरथरत्या अक्षरात, चित्रावांच्या कोशाचा पान नंबर.